दुबईले ड्रायव्हरची नोकरी, इंटरनॅशनल परमिटवर भागते का?

दारव्ह्याचा_कास्तकार
नमस्कार मंडळी. माह्या पुतण्याले दुबईत डिलिव्हरी व्हॅनवर नोकरी लागून राहिली. इथं तो जिनिंगवर पिकअप चालवते, हात साफ हाय पोट्ट्याचा. एजंट म्हणते आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या, बाकी काईच लागत नाही. खरं हाय का? भावानं व्याजानं पैसे उचलले हायेत म्हणून जीव लागून राहिला.

शारजातला_वऱ्हाडी
दादा, पैसे देऊ नका अजून. परमिट आरटीओ देते, १००० रुपये फी, एक वर्ष चालते, पण ते इथं फिरायले येणाऱ्यायसाठी. रेसिडेन्स व्हिसा लागला का त्याच्यावर गाडी चालवता येत नाही, अन् नोकरीवाल्याले तोच व्हिसा लागते. मंग इथलं लायसन्स काढा, म्हणजे डोळ्याची तपासणी, क्लास, थिअरी, पार्किंगची टेस्ट अन् शेवटी रोड टेस्ट, त्याच्यातच पोट्टे अटकतात. दुबईत गोल्डन चान्स हाय, क्लास न लावता एक डाव थेट टेस्ट देता येते, नापास झाला तर क्लास लावाच लागते. सगळा खर्च हजारो दिरहममंधी जाते. तो कंपनी करन का पगारातून कापन, हे ऑफर लेटरवर लिहून घ्या. लायसन्स नसताना ठोकली तर इन्शुरन्सही हात वर करते.

वरोऱ्याची_लेक
काका, मी दुबईतच राहते, रस्त्याचं सांगते. इथे गाडी उजव्या बाजूने चालते, स्टेअरिंग डावीकडे. गर्दीत चूक होत नाही, पुढच्याच्या मागे मागे जातो आपण. चूक होते पहाटे, पेट्रोल पंपातून रिकाम्या रस्त्यावर निघताना, हात सवयीने डाव्या बाजूला वळतो आणि समोरून ट्रेलर येतो. पायी रस्ता ओलांडतानाही तसंच, आपली मान आधी उजवीकडे जाते आणि गाडी येते डावीकडून. त्याला हे आजपासूनच घोकायला लावा. राऊंडअबाउटमध्ये आधीपासून आत असलेल्या गाडीला वाट द्यायची, आपल्याकडे जो घुसला त्याची वाट, ते इथे चालत नाही. स्कूल बसने स्टॉपचा बोर्ड उघडला की थांबायचंच, नाही थांबलं तर १००० दिरहम दंड आणि १० ब्लॅक पॉइंट. असे २४ झाले की लायसन्स जप्त, मग ड्रायव्हरची नोकरी कशी टिकणार? आणि दारू घेऊन गाडी, थोडीही नाही, फार कडक आहे इथे.

दारव्ह्याचा_कास्तकार
लय उपकार झाले तुमचे दोघायचे. आत्ताच एजंटले फोन केला, लायसन्सचा खर्च कोण करन ते लिहून दे म्हणलं, तर तो म्हणते आधी व्हिजिट व्हिसावर पाठवतो, पुढचं तिथं गेल्यावर पाहू.

शारजातला_वऱ्हाडी
दादा, साफ नाही म्हणा!! व्हिजिट व्हिसावर काम करणं इथं गुन्हा हाय, पकडला तर पोट्टा फसन. एजंटचा नोंदणी नंबर मागा अन् सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर तपासा. अन् तो दहावी पास हाय का ते सांगा, नसन तर पासपोर्टवर ईसीआर असन, म्हणजे कामासाठी बाहेर जायच्या आधी सरकारची परवानगी, एमिग्रेशन क्लिअरन्स, लागते.