चर्चा : खान्देशच्या रेडिओवर रोज एक तास लोकांचा हवा, चारीच्या पाण्यापासून दिल्लीच्या निर्णयापर्यंत

गिरणाकाठ (भडगाव तालुका)

मागच्या रब्बीतली गोष्ट. आमचं शेत पाटचारीच्या पार टोकाला. गिरणेचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने सुटणारं पाणी, अमुक तारखेला सुटणार असा निरोप गावात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. वडील आणि काकांनी दोन रात्री थंडीत चारीवर जागून काढल्या. पाणी आलं पाचव्या दिवशी, तेही वरच्या लोकांचं भरून उरलं तेवढं. कचेरीत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, 'आम्ही कळवलं होतं.' कोणाला कळवलं, हे मात्र कोणी सांगेना.

त्या दोन्ही रात्री चारीवर काकांचा रेडिओ चालू होता. गाणी झाली, बातम्या झाल्या. ज्या पाण्यासाठी माणसं जागत होती त्याबद्दल एक शब्द नाही.

म्हणून हा विषय मांडतो. जळगाव आकाशवाणी असो की एखाद्या स्थानिक संस्थेने चालवलेलं सामुदायिक केंद्र, रोज संध्याकाळी एक तास थेट फोनचा असावा. समोर ज्याच्याकडे उत्तर आहे तो माणूस बसलेला. आज कालव्याचा अभियंता, उद्या आरोग्य अधिकारी, परवा पीकविम्याचा माणूस, कधी आमदार-खासदार. अहिराणीत विचारा, मराठीत विचारा. आणि विषय गावापुरते ठेवू नका. देशात जे ठरतं ते आपल्या उंबऱ्यापर्यंत येतंच, मग त्यावरही आपल्या माणसांनी आपल्या भाषेत बोलावं.

रेडिओच का? लेखी अर्ज दिला की तो मी आणि कारकून, दोघांतच राहतो. रेडिओवर विचारलेला प्रश्न चारीच्या मुखाशी असलेलाही ऐकतो आणि टोकाचाही, एकाच वेळी. अधिकारी 'शुक्रवारी पाणी सोडू' म्हणाला की ते सगळ्या तालुक्याने ऐकलेलं असतं. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

पांझरेकर (धुळे)

दादा, तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, पण उपाय पटला नाही. रेडिओ ऐकतं कोण? आमच्या गल्लीत चाळीस घरं आहेत, त्यात रेडिओ एकाच घरी, तोही आजोबांच्या उशाशी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. धुळ्यात काही झालं की दहा मिनिटांत यूट्यूबवर कोणीतरी थेट दाखवतं, खाली लोक लिहितात. तिथे अधिकाऱ्याला बोलवा. हातातलं साधन सोडून जुन्याच्या मागे का लागायचं?

गिरणाकाठ

धुळ्याच्या गल्लीत तुमचं खरं असेल. पण शेतात निंदणी करणाऱ्या बाया, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, केळीची पानं कापणारा मजूर, या सगळ्यांचे हात कामात असतात. कान मोकळे असतात. आणि त्या थेट व्हिडिओखाली जे लिहिलं जातं ते तुम्ही वाचता ना? पहिल्या पाच मिनिटांत जात निघते, पक्ष निघतो, मूळ प्रश्न वाहून जातो. रेडिओवर मधे निवेदक असतो. तो एकाला थांबवतो, दुसऱ्याला बोलतं करतो.

नियमावर_बोट

हेतू चांगला आहे, पण आधी काय चालतं ते बघा. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं. तो मुख्य निकाल लिहिणारे न्या. पी. बी. सावंत आपले मराठीच. तरीही आज खासगी एफएम किंवा सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे नियम नव्हे. वर आकाशवाणीची प्रसारण संहिता आहे. पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, राज्य किंवा केंद्र सरकारवर वैरभावाची टीका नको. सामुदायिक केंद्रालाही ती पाळावी लागते. आमदार समोर बसणार, फोन करणारा चिडलेला असणार, आणि हे सगळं थेट. तुमचं केंद्र महिनाभरात नोटिशीला उत्तरं लिहीत बसेल.

गिरणाकाठ

पाण्याची तारीख विचारायला पक्षाचं नाव लागत नाही. २०११ च्या एफएम धोरणातच लिहिलंय की वीज-पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे, परीक्षा, प्रवेश, नोकऱ्या यांची स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती बातमी धरली जाणार नाही. आमच्या आयुष्यातला पाऊण भाग त्या यादीत बसतो. सामुदायिक केंद्राला तर निदान निम्मे कार्यक्रम तिथल्या लोकांना घेऊन करण्याचं बंधन आहे. म्हणजे दार अर्धं उघडं आहे, आपण अजून कडी वाजवलेली नाही.

काचेच्या_आत

मी आठ वर्षं एका केंद्रावर हंगामी निवेदक होते, म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

फोनचा कार्यक्रम ऐकताना सोपा वाटतो. बाहेरच्या खोलीत एक जण फोन घेतो, नाव, गाव, प्रश्न चिठ्ठीवर लिहितो, मग ती चिठ्ठी आत येते. अर्ध्या तासात जेमतेम आठ-नऊ फोन होतात. त्यातले दोघे 'तुमचा कार्यक्रम छान असतो' म्हणण्यातच वेळ घालवतात, आणि त्यांना तोडवत नाही, कारण किती वेळा लावल्यावर त्यांचा फोन लागलेला असतो ते आपल्याला माहीत असतं. शेतीच्या प्रश्नांना हे चालतं. कपाशीवरची बोंडअळी, केळीवरचा करपा, तज्ज्ञ सांगतो, शेतकरी लिहून घेतो.

पण अडचण वेगळी आहे. एकदा एका बाईंनी रेशनच्या धान्याबद्दल विचारलं. आम्ही नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदार त्यांच्या दारात उभा: 'काल रेडिओवर तूच होती ना?' खेड्यात आवाजच माणसाचं नाव सांगतो. बाईंनी मला नंतर फोन केला. रागावल्या नव्हत्या, नुसत्या म्हणाल्या, 'ताई, आता मी काही विचारणार नाही.' ते वाक्य अजून कानात आहे.

म्हणून थेट फोनला माझा विरोध आहे. प्रश्न आधी घ्या, निवेदकाच्या आवाजात वाचा, चार गावांचे सारखे प्रश्न एकत्र करा. अधिकाऱ्याला एका बाईचं नव्हे, चार गावांचं उत्तर द्यावं लागेल.

भो_एरंडोलना

आमले बी बोलू द्या ना भो. ताईनं खरं शे, पन आवाज बदली टाका तं मन्हा राग कथा जाई? मन्हा प्रश्न मीच इचारसू. ज्याले भेव वाटस त्यानी चिठ्ठी धाडो.

केळीबाग (रावेर)

मला थेट की रेकॉर्ड यापेक्षा दुसरं खटकतं. 'गावापासून दिल्लीपर्यंत' कशाला? दिल्लीवर बोलायला चोवीस तास टीव्ही आहे. आपल्या तासात देशाचे विषय शिरले की केळीचा विमा, हतनूर धरणाचं पाणी, रात्रीची वीज, सगळं मागे पडेल. माणसाला गटारीबद्दल बोलायला पुरावा लागतो, देशाबद्दल बोलायला काहीच लागत नाही. म्हणून सगळे देशाबद्दलच बोलतात. रेडिओचा तास फक्त तालुक्याचा ठेवा.

कापूसवेचणी (पारोळा)

केळीबाग भाऊ, तुमचं निम्मं पटलं. पण १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस नेमका त्याच महिन्यांत घरात येतो. हा दिल्लीचा विषय की पारोळ्याचा? निर्णयामागे सूतगिरण्यांची आणि कपडा निर्यातदारांची अडचण होती, अमेरिकेने वाढवलेलं शुल्क होतं. हे सगळं मला बरंच उशिरा, तेही मुलाकडून कळलं. दारात आलेल्या व्यापाऱ्याने फक्त 'बाहेरून माल येतोय' एवढं सांगून भाव पाडला. मला त्या दिवशी कापूस विकावा की ठेवावा हे ठरवायचं होतं. कोणी अर्धा तास समजावून सांगितलं असतं, चार शेतकऱ्यांनी उलट विचारलं असतं, तर मी घाई केली नसती.

पांझरेकर

हे मात्र मान्य करावं लागेल. मनमाड-इंदूर रेल्वेचंही तेच. २ सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. धुळ्यात पेढे वाटले. ज्यांच्या जमिनीतून मार्ग जायचा त्यांनी विचारायचं कोणाला? निर्णय दिल्लीचा, मोजणी आपल्या बांधावर. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही, ऐकणारे आणायचे कुठून?

जुना_श्रोता (अमळनेर)

ऐकणारे आणायची एक रीत महाराष्ट्रातच करून झाली आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांत रेडिओ शेती मंडळं चालवली. आपल्या शेजारचा नाशिक जिल्हा त्यात होता. सुमारे दीडशे गावं. गावातल्या वीसेक लोकांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसांत बोलायचं, आणि शंका केंद्राला कळवायच्या. पुढे त्यांची उत्तरं कार्यक्रमात यायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र होतं. घरोघरी रेडिओ नव्हता हीच त्याची ताकद ठरली, कारण ऐकल्यावर बोलायला समोर माणूस असायचा.

आज पारावर एक स्पीकर लावा, एवढंच लागेल. आणि काचेच्या आत ताई, तुमच्या भीतीलाही यात उत्तर आहे. प्रश्न मंडळाचा असेल तर दुकानदार कोणाच्या दारात जाईल?

काचेच्या_आत

मंडळात गावचा पुढारीच मधोमध बसला तर? रेशनचा प्रश्न तिथेच गिळला जाईल. बायांचं वेगळं मंडळ हवं, बचत गट जिथे जमतो तिथेच, त्यांच्या वेळेला. सात वाजता बाई चुलीपुढे असते हेही ध्यानात घ्या. मी दुपारी दोनची वेळ सुचवीन.

सातपुडा_शाळा (धडगाव)

सगळं वाचलं. तुम्ही सगळे तापी-गिरणेच्या सपाटीवरून बोलताय. 'अहिराणीत विचारा, मराठीत विचारा' असं पहिल्याच नोंदीत आलं, आणि पावरी, भिली या आमच्या आदिवासी बोली कोणाच्या बोलण्यात आल्याच नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना अहिराणीही परकी आहे. त्यांचे प्रश्न हलके नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी कधी, सरदार सरोवरात जमीन गेली त्या कुटुंबांतल्या उरलेल्यांचं काय, पावसाळ्यात रस्ता तुटला तर बाळंतिणीला खाली कसं न्यायचं. खान्देश म्हणताना आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव शेवटी घ्यायचं आणि कार्यक्रम जळगावच्या बोलीत करायचा, याला माझा स्पष्ट विरोध आहे.

थेट फोनचं तर बोलायलाच नको. इथे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. संध्याकाळी सात वाजता कोणती बाई टेकडीवर जाईल? छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वरा चालतं ते बघा. माणूस सवडीने फोन लावतो, आपल्या बोलीत, गोंडीतही, निरोप बोलून ठेवतो, आणि तो तपासून इतरांना ऐकवला जातो. वेळ त्या माणसाची असते, केंद्राची नसते.

नियमावर_बोट

सामुदायिक केंद्राचं प्रक्षेपण यंत्र १०० वॅटचं, दहा-पंधरा किलोमीटरची पोच. सातपुड्याच्या घाटात त्याहून कमी. म्हणजे ताईंच्या भागाला स्वतःचं केंद्र लागेल. भडगावच्या केंद्राने धडगाव भागणार नाही. हे २००६ पासून संस्थांना खुलं आहे. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग चालतं, तेलंगणात माचनूरला दलित बायांनी २००८ पासून संघम रेडिओ चालवून दाखवलाय. माझा आक्षेप परवान्याबाहेरच्या घाईला आहे, कामाला नाही. अर्ज कोण करतंय ते सांगा, कागद मी वाचून देईन.

गिरणाकाठ

धडगावच्या ताईंची माफी मागतो. खान्देश लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे गिरणाच होती.

माझ्या मांडणीत बदल करतो. रोज नको, आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोनला. निरोप आधी बोलून ठेवायचे, ज्याला स्वतःच्या आवाजात विचारायचं त्याचा आवाज, ज्याला भीती वाटते त्याचा प्रश्न निवेदक वाचेल. पण एक गोष्ट सोडणार नाही. उत्तर देणारा थेटच हवा, त्याचं उत्तर आधी रेकॉर्ड करून कापायचं नाही. आणि प्रत्येक वेळी पहिली दहा मिनिटं मागच्या आठवड्याची: काय कबूल केलं होतं, त्याचं काय झालं. सामुदायिक केंद्राला कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावंच लागतं. शुक्रवारी पाणी सोडू म्हणाला असेल तर तेच वाक्य त्याला परत ऐकवायचं.

देशाचे विषय महिन्यातून एकदा, आणि ज्या निर्णयाचा धागा इथल्या बांधापर्यंत येतो तेवढेच. केळीबाग भाऊ, चालेल?

केळीबाग (रावेर)

महिन्यातून एकदा चालेल. पण तो धागा बांधापर्यंत येतो की नाही हे ठरवणार कोण, ते आधी लिहून काढा. भांडण तिथेच होणार आहे.

सातपुडा_शाळा (धडगाव)

माफीची गरज नव्हती दादा. पावरीत अर्धा तास, आणि बोलणारी आमच्यातलीच हवी, मराठीतून भाषांतर करून सांगणारा नको. दहावी झालेल्या दोन मुली आहेत, आवाज चांगला आहे, शिकवलं तर करतील. नियमावर बोट, कागद मला पाठवा.