जूनमधले ते दोन विषय
कॉलेजच्या संघात निवडलेल्या अमेरिकी फुटबॉलच्या मुलांना मोसमाआधीच, जूनमध्ये किंवा थेट जानेवारीत, कॉलेजात बोलावतात ते फक्त सरावासाठी, आणि त्यात शाळेचे शेवटचे महिने हुकतात, असं काहींचं म्हणणं असतं. सराव आहेच, पण क्रेडिटचा, म्हणजे विषय पास झाल्यावर डिग्रीसाठी जमा होणाऱ्या गुणांचा, हिशेबही बघा. एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेच्या नियमानुसार दर सेमिस्टरला पूर्णवेळ म्हणजे किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात आणि दुसऱ्या वर्षी खेळायचं तर पहिल्या वर्षात २४ कमावलेली लागतात. मोसमात बरीच मुलं जेमतेम १२ घेतात. १२ आणि १२, झाले २४. एक विषय राहिला की गणित कोलमडलंच! पहिलं सेमिस्टर सुरू होण्याआधीच जूनमध्ये निवांतपणे दोन विषय केले, तर डिग्रीच्या साधारण १२० क्रेडिटपैकी ६ खिशात पडतात. ट्यूटर कुठे बसतो, लायब्ररी कुठे, प्राध्यापकांना ईमेल कसा लिहायचा, हेही ऑगस्टचा सराव कॅम्प सुरू होण्याआधी कळतं. घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल, तर हे फार मोलाचं आहे.

फुटबॉलपटू जेलन हर्ट्सचं उदाहरण घ्या. शाळा लवकर संपवून तो जानेवारी २०१६ मध्ये अलाबामा विद्यापीठात दाखल झाला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पदवी घेऊन मोकळा झाला. पदवी हातात होती, म्हणून २०१९ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात जाऊन लगेच खेळता आलं.

जानेवारीत जायचं तर शाळेचे शेवटचे महिने, मित्र, निरोप समारंभ सगळं सुटतं, हे म्हणणं मात्र पटतं. माझा भाचा असता तर मी जूनच सुचवला असता.