मदत हवी आहे : समावेशक ज्यू उन्हाळी शिबिरात स्वमग्न मुलांसाठी शब्बाथचं नियोजन

अमेरिकेतल्या ज्यू शिबिरांत अपंग मुलांना सामील करून घेण्याची वाट 1970 मध्ये कॅम्प रामा या ज्यू शिबिरांच्या साखळीतल्या तिक्वा कार्यक्रमाने पाडली. आमच्या शिबिरातही आठवडाभर सगळं सुरळीत असतं: पोहणं, हस्तकला, आणि मोठ्या मुलांना भोजनगृहात टेबलं लावण्याचं खरंखुरं काम. ताट, पेला, काटा, रुमाल अशी चित्रं भिंतीवर. पायरी झाली की चित्र काढून पाकिटात टाकायचं.

अडतं ते शुक्रवारी, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होतो तेव्हा. सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटं आधी मेणबत्त्या लागतात आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत लिहिणं बंद, मोबाइल-टॅब्लेटचे स्क्रीनही बंद. अंगवळणी पडलेला दिनक्रम एकदम मोडतो. त्यात जेवणानंतर सगळे टेबल बडवत गातात. कान झाकणारे हेडफोन गाणं सुरू झाल्यावर दिले तर उपयोग होत नाही, मूल आधीच घाबरलेलं असतं. म्हणून ते आधीच देतो आणि दाराजवळ बसवतो.

बोलण्यासाठी टॅब्लेट वापरणाऱ्या मुलाचा टॅब्लेट शब्बाथलाही सुरूच राहतो. तो त्याचा आवाज आहे, यावर तडजोड नाही. पण खोलीतली इतर आठ-नऊ वर्षांची मुलं "मग आम्हाला का नाही?" विचारतात. त्यांना काय सांगता?

शब्बाथला विजेचा टायमरही चालत नाही. त्याऐवजी वाळूचं घड्याळ ठेवलं, तर काही मुलं वाळूच बघत बसतात, जेवतच नाहीत. दुसरं काय वापरता येईल?

आणि तलावावर, जिथे टॅब्लेट नेता येत नाही, तिथल्या लॅमिनेट केलेल्या चित्रफलकावर किती चित्रं ठेवावीत? "थांब", "दुखतंय", "शौचालय" आहेतच.