बॉब नाइट यांचे ९०२ विजय आणि नील रीडचा गळा

डावखुरा
अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे माजी बास्केटबॉल कोच बॉब नाइट १ नोव्हेंबर २०२३ ला गेले. तेव्हापासून आमच्या क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अधूनमधून एकच वाक्य येतं: "नाइटसारखा कडक कोच आणा, मग बघा पोरं कशी खेळतात." मला हे साफ अमान्य आहे, म्हणून धागा.

माणूस मोठा होता, यात वाद नाही. १९६५ मध्ये, २४ व्या वर्षी आर्मीच्या, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाचे मुख्य कोच. १९७१ ते २००० इंडियाना. १९७६, १९८१, १९८७ ला राष्ट्रीय विजेतेपद. १९७६ चा संघ ३२ सामने खेळला आणि ३२ जिंकला. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये मायकेल जॉर्डनच्या संघाला सुवर्ण. पुढे टेक्सास टेक, आणि २००८ ला थांबले तेव्हा नावावर ९०२ विजय.

पण हे आलं कशातून? मोशन ऑफेन्स ही त्यांची आक्रमणाची पद्धत, तिच्यात चाल आधी ठरलेली नसते. पाचही जण सतत हलतात, एकमेकांना स्क्रीन देतात (समोरच्याच्या वाटेत उभं राहून साथीदाराला मोकळं करतात) आणि समोरचा कुठे झुकतोय ते बघून त्या क्षणी ठरवतात. स्वतः ठरवायचा हा खेळ घाबरलेल्या पोराला जमेल? राग हे यशाचं कारण नव्हतं. यश होतं म्हणून राग खपला. २३ फेब्रुवारी १९८५ ला प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठाचा खेळाडू फ्री थ्रोला उभा असताना नाइटनी कोर्टावर खुर्ची फेकली. शिक्षा काय, तर एका सामन्याची बंदी.

निवृत्त पीटी मास्तर
खुर्ची सगळ्यांना आठवते. लँडन टर्नर कुणाला आठवतो? १९८१ च्या विजेत्या संघातला. त्याच उन्हाळ्यात गाडीच्या अपघातानंतर तो व्हीलचेअरवर आला, आणि त्याच्यासाठी निधी उभा करायला धावले ते नाइटच. तास बुडवला की पोरगा बेंचवर. लपूनछपून पैसे देऊन खेळाडू आणायचे प्रकार तिकडे गाजत असताना नाइट यांच्या इंडियानावर तसा मोठा ठपका आला नाही. मी ३१ वर्षं मैदानावर काढली. जो ओरडतो त्याचाच जीव पोरांत गुंतलेला असतो. हल्ली शिट्टी जोरात वाजली तरी पालक मुख्याध्यापकांच्या दारात.

इंडियानाकर
मी ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठाच्या गावी शिकत होते. ८ फेब्रुवारी २०२० ला पर्ड्यूविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतराला नाइट २००० च्या हकालपट्टीनंतर पहिल्यांदाच असेंब्ली हॉलमध्ये, इंडियानाच्या घरच्या मैदानात आले. थकलेले, जुन्या खेळाडूंच्या आधाराने चालत. तशातही त्यांनी प्रेक्षकांकडून "डिफेन्स, डिफेन्स" वदवून घेतलं. साठीतले बाप्ये भोवती उभे राहून डोळे पुसत होते. नुसत्या भीतीपोटी माणसं इतक्या वर्षांनी अशी येतात का हो?

खेळाडूची आई
जे आले ते आले. नाइट यांचा इंडियानातला खेळाडू नील रीड येऊच शकला नसता, तो २०१२ मध्येच ३६ व्या वर्षी गेला. १९९७ च्या सरावात नाइटनी आपला गळा धरला असं तो सांगत होता, आणि नाइट नाकारत होते. २००० मध्ये सरावाची चित्रफीत टीव्हीवर आली, त्यात हात गळ्यावरच दिसला. तोवर तो इंडियाना सोडून दुसऱ्या विद्यापीठात जाऊन खेळूनही झाला होता. आलेल्यांची हजेरी घेताय, सोडून गेलेल्यांची कोण घेणार?

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना एक शॉट चुकला म्हणून तिच्या कोचने सगळ्यांसमोर तिला नको ते ऐकवलं. त्यानंतर वर्षभर तिने बास्केटकडे पाहिलंच नाही. बॉल हातात आला की पास. डावखुरा म्हणतात ते मी घरात बघितलंय.

निवृत्त पीटी मास्तर
ताई, गळ्याला हात लावणं चूकच, तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही. पण नोकरी कशावरून गेली ते बघा. १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने त्यांना नुसतं आडनावाने एकेरी हाक मारली. यांनी दंड धरून मोठ्यांशी कसं बोलावं ते सुनावलं. २९ वर्षांची सेवा, आणि एवढ्यावरून घरी!

डावखुरा
एवढ्यावरून नाही, मास्तर. मे २००० मध्येच विद्यापीठाचे अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी बजावलं होतं की यापुढे एकही प्रकार चालणार नाही. सप्टेंबर उजाडेपर्यंतही दम निघाला नाही. १९ वर्षांच्या पोराच्या हाकेवर ज्याचा तोल जातो, तो पोरांना संयम कसा शिकवणार?

आणि कडकपणाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वूडन घ्या. १९६४ ते १९७५ या १२ हंगामांत १० विजेतेपदं, आणि तोंडात कधी शिवी नाही. बिल वॉल्टन त्यांच्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक. तो एकदा सरावाला केस-दाढी वाढवून आला आणि कापणार नाही म्हणाला. वूडन शांतपणे म्हणाले, तुझ्या मताचा आदर आहे, पण तुझी उणीव आम्हाला जाणवेल. वॉल्टनने सायकल काढली आणि थेट न्हाव्याचं दुकान गाठलं.