क्रूझवरच्या बुफेचं जेवण नक्की कसं असतं? रिव्ह्यू वाचून डोकं पिकलंय

नवखा_दर्यावर्दी

मंडळी, पहिल्यांदाच क्रूझला निघालोय, सात रात्रींची, जहाज मोठं आहे, आई-बाबा आणि दोन पोरं असा सगळा गोतावळा बरोबर. तयारी म्हणून रिव्ह्यू वाचायला बसलो आणि आता काहीच कळेनासं झालंय. एकाच जहाजाच्या एकाच सफरीबद्दल एक जण लिहितो, बुफे अप्रतिम, आम्ही तिन्ही त्रिकाळ तिथेच पडीक होतो. लगेच खाली दुसरा लिहितो, सगळं कोमट, बेचव, अंडी म्हणजे नुसतं रबर, आणि भरलेली प्लेट हातात धरून टेबल शोधत फिरलो. दोघं एकाच बोटीवर होते ना?

माझे प्रश्न असे की जेवण खरंच चांगलं असतं का, की जादा पैसे भरून त्या स्पेशॅलिटी रेस्टॉरंटचं पॅकेज आधीच घेऊन टाकू? बाबांना मीठ कमी लागतं. धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यामुळे बुफेची जरा धाकधूकच आहे. आणि ते पोट बिघडायच्या साथी येतात असं ऐकलं ते कितपत खरं?

---

लाटेवरची_खादाड

दोघंही खरं बोलतायत हो, फक्त वेगवेगळ्या वेळी जेवलेत. बुफेचं कसं असतं, तोच पदार्थ साडेबाराला आणि पावणेतीनला चाखला तर दोन वेगळ्या स्वयंपाकघरांतून आल्यासारखा लागतो. भात बघा, ताजा ट्रे आला की वाफ दिसते, तासाभराने कडेचे दाणे कडक आणि मधे लगदा. तळलेले बटाटे तर त्या लाल दिव्याखाली पाच-दहा मिनिटांत मऊ पडतात. त्यामुळे "अमक्या कंपनीचा बुफे वाईट" वगैरे वाचलं की मी आधी बघते हा माणूस कधी गेला होता ते.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहिल्या दिवशीची दुपार. केबिन तयार नसतात, सगळे हातातल्या बॅगांसकट वर येतात आणि हजारो माणसं एकदमच भुकेली होतात. आयकॉन ऑफ द सीज सारखं जहाज घ्या, 2024 मध्ये सुरू झालं, दोन माणसं एका केबिनमध्ये धरली तरी 5,610 प्रवासी आणि खचाखच भरलं तर 7,600. एवढ्या लोकांपैकी निम्मे जरी त्याच दोन तासांत आले तरी काय होईल बघा. आणि गंमत म्हणजे निम्मे रिव्ह्यू त्या पहिल्या जेवणावरच लिहिलेले असतात, कारण पहिलं इम्प्रेशन. दुसरी गर्दी म्हणजे ज्या दिवशी जहाज कुठे थांबत नाही त्या दिवशीचा नाश्ता, नऊ ते दहा. सातला जा, किंवा सरळ उशिरा जा.

अजून एक, पहिल्या काउंटरला लगेच प्लेट भरू नका. आधी रिकाम्या हाताने सगळीकडे एक चक्कर मारा. मागच्या टोकाला जहाजाच्या शेपटाकडे बहुतेकदा तेच पदार्थ असतात आणि रांग निम्मी, लोक दारातच अडकतात.

---

डेक_नऊ

बुफेत जायचंच कशाला? मेन डायनिंग रूम पण तिकिटातच असते, बसून आरामात जेवा, गरम वाढून देतात. बुफे म्हणजे पोरांना आइसक्रीम आणि रात्री अकराला पिझ्झा, बाकी शून्य.

---

लाटेवरची_खादाड

@डेक_नऊ हो, पण दीड-दीड तास बसायचं ना टेबलावर, लहान पोरं घेऊन. तुमचं बरंय.

---

गॅलीवाला

मी काही वर्षं जहाजावर किचनमध्ये होतो, कंपनीचं नाव नको. जरा आतलं सांगतो म्हणजे काय खायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पहिली गोष्ट, बुफेचं आणि डायनिंग रूमचं सामान वेगळं नसतं. तेच कोल्डस्टोरेज, तोच बेकर, पुष्कळदा तेच सूप. मुख्य गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, खाली, बुफे बहुतेक जहाजांवर वर लिडो डेकला, म्हणजे स्विमिंग पूलच्या मजल्यावर, तर बरंचसं खाली शिजवून लिफ्टने वर जातं आणि वर फक्त गरम करणं, शेवटचा हात फिरवणं आणि वाढणं. डायनिंग रूमला प्लेट खिडकीतून निघते ती लगेच तुमच्यासमोर येते, बुफेला तोच मासा ट्रेमध्ये वाफेवर बसून राहतो. चवीतला फरक पडतो तो त्या बसून राहण्यात. म्हणून ज्याला वाट बघणं सोसतं ते बुफेत घ्या, रस्सेदार, मंद शिजवलेलं, सूप, भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा जो समोर कापून देतात, ब्रेड, चीज, सॅलड. ज्याला वाट बघणं सोसत नाही, म्हणजे मासा, पास्ता, तळलेलं, ते समोर करून देत असतील तरच घ्या. पास्ता स्टेशन असेल तर तिथे उभं राहा, ट्रेमधला पास्ता सोडा.

अंड्यांचं म्हणाल तर ट्रेमधली स्क्रॅम्बल्ड अंडी बहुतेक पाश्चराइज केलेल्या पातळ अंड्यांची, मोठ्या प्रमाणात एकदम केलेली असतात, ती थोडा वेळ राहिली की पाणी सुटतं आणि गोळा होतो. बाजूलाच ऑम्लेट काउंटर असतो. तिथे माणूस चार-पाच पॅन एकदम चालवतो, एक ओततोय, दुसरं उलटतोय, तिसरं तुमच्या प्लेटमध्ये, आणि नजर रांगेवर. तिथे पाच मिनिटं उभं राहायला लोक कंटाळतात आणि मग रबर खाऊन रिव्ह्यू लिहितात 😄

दुसरं, आच. मोठ्या प्रवासी जहाजांवर आगीच्या भीतीने गॅसची उघडी ज्योत नसते, सगळं विजेवर. त्यामुळे मोठ्या आचेवर परतल्याचा तो खमंग धुरकट वास कुठल्याही पदार्थाला सहसा येत नाही, आचारी कितीही चांगला असो. आणि मसाला मुद्दाम मवाळ ठेवतात, पन्नास देशांची माणसं त्याच ट्रेमधून घेणार, तिखटाची तक्रार अळणीच्या तक्रारीपेक्षा मोठी येते. मीठ मात्र कमी नसतं हां, सूप, सॉस आणि प्रोसेस्ड मांसात भरपूर. बाबांसाठी डायनिंग रूममध्ये आदल्या रात्री सांगून ठेवा, हेडवेटर दुसऱ्या दिवशीचा मेनू आणून दाखवतो आणि कमी मिठाचं वेगळं करून देतात. बुफेत हे जमत नाही, ग्रिलवर समोर करून घेतलंत तर तेवढंच.

---

बंदर_ते_बंदर

पण एक मान्य करा, दर्जा घसरलाय. कोविडनंतर 2021 मध्ये जहाजं परत सुरू झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी काउंटरमागे स्टाफ उभा राहून वाढायचा, तेव्हा बुफे स्वच्छ होता, प्लेटही नीट दिसायची. मग हळूहळू परत सेल्फ सर्व्हिस आली आणि आता तर चीजचे प्रकार कमी, फळांमध्ये टरबूज-खरबूजच जास्त, चांगले पदार्थ सगळे पैसे भरायच्या रेस्टॉरंटात सरकवलेत. बुफे मुद्दाम बरा-बरा ठेवायचा म्हणजे माणूस तिसऱ्या दिवशी आपोआप तिकडे जातो. हे माझं मत आहे, पुरावा मागू नका.

आणि चव नसते त्याला "समुद्रावर जीभ बधिर होते" असली कारणं लोक देतात ती तर अजिबात पटत नाहीत. विमानात हवेचा दाब कमी आणि हवा कोरडी म्हणून चव मंदावते, ते ठीक. जहाज तर समुद्रसपाटीलाच असतं की!

---

गॅलीवाला

@बंदर_ते_बंदर विमानाचं एकदम बरोबर. बोट हलायला लागली की भूक जाते एवढंच.

फळांचं थोडं वेगळं आहे. सात रात्रींच्या सफरीत जवळपास सगळा माल पहिल्या दिवशी एकाच बंदरात चढतो, प्रवासी उतरतात-चढतात त्या चार-सहा तासांत ट्रकच्या ट्रक. मऊ फळं आणि पालेभाजी आधी संपवायची, टरबूज, सफरचंद, कोबी, गाजर मागे ठेवायचं, हे ठरलेलंच. त्यामुळे स्ट्रॉबेरी वगैरे खायची तर पहिल्या अर्ध्या आठवड्यात. सहाव्या दिवशीचं सॅलड पाहून कंजुषी वाटते खरी पण तो बराचसा पानांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पैसे वाचवत नाहीत असं मी म्हणत नाहीये, मी तिथे कामाला होतो, वाचवतात.

सगळीकडे बुफे असतोच असंही नाही बरं का. व्हर्जिन व्हॉयेजेसने सुरुवातीपासून तो ठेवलाच नाही, त्यांच्या गॅली नावाच्या हॉलमध्ये वेगवेगळे काउंटर आहेत आणि ऑर्डर दिल्यावर करून देतात. ज्याला बुफेचाच राग आहे त्याने तसलं जहाज बघावं.

---

नवखा_दर्यावर्दी

वा, एवढं सविस्तर! पॅकेज आधी घेत नाही मग, तिथे जाऊन बघू. पण माझा ॲलर्जीचा आणि पोट बिघडण्याचा प्रश्न तसाच राहिला. बायको म्हणतेय ते आधी विचार, स्ट्रॉबेरी नंतर.

---

साबण_लावा_आधी

वहिनी बरोबर म्हणतायत. मी यातली जरा जाणकार आहे, पेशाच तसा आहे.

आधी ॲलर्जी. बुफेत सगळ्यात मोठा धोका चिमट्यांचा. कुणीतरी शेंगदाणे पेरलेल्या सॅलडमधला चिमटा उचलून शेजारच्या साध्या सॅलडमध्ये ठेवतो, वर लावलेली पाटी अजूनही "नट्स नाहीत" म्हणत असते. पाटी खरी असते, पण किचनमधून ट्रे निघाला तेव्हापुरती. म्हणून बुकिंगलाच कंपनीला लेखी कळवा, चढल्यावर डायनिंग रूमच्या हेडवेटरला भेटून परत सांगा, आणि धाकट्याचं मुख्य जेवण तिथेच करा. बुफेत त्याला खायचंच असेल तर तिथल्या सुपरवायझरला गाठा, मागून न हाताळलेल्या ट्रेमधून वेगळं काढून देतात, मागायला लाजू नका. गोड पदार्थांचा काउंटर त्याच्यासाठी पूर्ण बंद. औषध आणि इंजेक्शन जेवताना खिशात, केबिनमध्ये नाही.

आता पोटाचं. यात मुख्य खलनायक नोरोव्हायरस. पण प्रमाण लक्षात घ्या, अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरच्या जेमतेम 1 टक्का. जहाजांचं नाव होतं कारण तिथे मोजतात. जहाजावर 3 टक्के किंवा जास्त लोकांनी तक्रार नोंदवली की सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, ते जाहीर करते, हॉटेलांचं असं कोण जाहीर करतं? शिवाय लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण 12 ते 48 तास जातात, म्हणजे चढल्याच्या संध्याकाळी ज्याला उलट्या झाल्या त्याने ते बहुतेक घरून किंवा विमानतळावरून आणलेलं असतं, आणि शिव्या मात्र दुपारच्या बुफेला.

बुफेतून पसरतो तो जास्त करून हातांमुळे. परत तेच चिमटे. दारात सॅनिटायझर घेऊन उभा असलेला माणूस हसून हातावर फवारतो ते छान आहे पण अल्कोहोलवाला सॅनिटायझर या व्हायरसवर फारसा चालत नाही, साबण आणि पाणीच. आणि हात आधी धुवून मग चिमटा धरला, मग त्याच हाताने ब्रेड तोडला तर काय उपयोग? प्लेट भरून झाली, टेबल मिळालं की परत हात धुवून या. पोरांना कंटाळा येईल, येऊ दे.

---

गॅलीवाला

सीडीसीचा विषय निघालाच तर सांगतो, परदेशांतून अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची त्यांच्या व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅमखाली तपासणी होते, 1975 पासून चालू आहे. आम्ही त्याला यूएसपीएच म्हणायचो आणि नुसतं नाव काढलं तरी शेफचा चेहरा बदलायचा. न सांगता येतात. 100 पैकी 86 किंवा वर म्हणजे पास, 85 म्हणजे नापास, आणि जहाजाच्या नावासकट गुण वेबसाइटवर, कुणीही बघू शकतं. तुमचं जहाज अमेरिकेला जात असेल तर तिथे शोधा, रिव्ह्यूपेक्षा ते जास्त बोलकं आहे, कुठल्या फ्रिजचं तापमान चुकलं इथपर्यंत लिहिलेलं असतं.

नियम असा की गरम पदार्थ 57 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली. नाहीतर वेळ लिहून ठेवायची आणि चार तासांत फेकायचं, मग ते कितीही चांगलं दिसो. त्यामुळे बुफेत "कालचंच उरलेलं परत मांडलंय" असं लोक म्हणतात ते मांडलेल्या ट्रेच्या बाबतीत तरी होत नाही. खाली न मांडलेलं नीट थंड करून दुसऱ्या दिवशी सूपमध्ये वगैरे जातं, ते कुठल्याही चांगल्या किचनमध्ये जातं.

कोमट लागलं तर गप्प बसू नका. काउंटरवरच्या माणसाला सांगा, तो ट्रे बदलतो, त्याच्याही डोक्यावर थर्मामीटर घेऊन कुणीतरी उभा असतो.

---

नवखा_दर्यावर्दी

धन्यवाद सगळ्यांना, गुण बघितले, 97 आहेत, बायको जरा शांत. आता एकच, पहिल्या दुपारी वर गर्दीत न जाता खाली जेवायचं तर डायनिंग रूम त्या वेळी उघडी असते हे कळणार कसं?

---

डेक_नऊ

प्रत्येक जहाजावर नसते, पण असते तेव्हा ओरडून सांगत नाहीत. कंपनीच्या ॲपमध्ये त्या दिवसाचं वेळापत्रक बघा, नाहीतर चढताना दारातल्या माणसाला विचारा. तो वर बुफेकडे हात दाखवेल. परत विचारा.