फोर्कलिफ्टचा बाटला बदलताना आलेले अनुभव

बडोद्यातील मकरपुरा, रणोली आणि वाघोडिया येथील कारखान्यांत व गोदामांत काम करणाऱ्यांनी प्रोपेन अथवा एलपीजीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टचा बाटला (येथे सिलिंडर कोणी म्हणतच नाही) बदलतानाचे आपले अनुभव, कंपनीचे नाव न घेता, येथे लिहावेत. सुरुवात मीच करतो.

रात्रपाळी होती, ट्रक दारात उभा होता आणि चालक सारखा हॉर्न वाजवत होता. मी चावी फिरवून इंजिन बंद केले, मग बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि हातमोजे न घालताच नळीची जोडणी सैल केली. नळीत उरलेला द्रव गॅस बोटांवर उडाला. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळत असल्याने तो त्वचेतील उष्णता क्षणात ओढून घेतो. मला मात्र चटका बसल्यासारखेच वाटले आणि दुसऱ्या दिवशी फोड आले. तेव्हापासून इंजिन चालू असतानाच मी व्हॉल्व्ह बंद करतो, नळीतील गॅस जळून इंजिन आपोआप बंद पडू देतो आणि मगच चावी काढून जोडणीला हात लावतो. ट्रकवाल्याने खुशाल हॉर्न वाजवावा.

गोदाम पर्यवेक्षक, दांडिया बाजार : आमच्याकडे एका नव्या मुलाने आडवा बाटला बसवताना त्याच्या कड्यातील भोक खालच्या पिनवर आणलेच नाही. पट्टा आवळला गेला, गाडीही चालली, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. पिन नीट बसली, तरच सुरक्षा व्हॉल्व्ह वरच्या वायूच्या बाजूला राहतो. द्रवाला प्रसरणासाठी जागा मिळावी म्हणून बाटला सुमारे ८० टक्केच भरतात. तरीही मे महिन्याच्या उन्हात दाब वाढून व्हॉल्व्ह उघडला आणि तो द्रवात बुडालेला असल्याने वायूऐवजी द्रवच बाहेर पडला. द्रवाचा वायू झाला की तो सुमारे २७० पट जागा व्यापतो. आवारभर पांढरा ढग पसरला. गाडी उघड्यावर होती, हे आमचे नशीब. ढग विरेपर्यंत आम्ही सर्वांना दूर ठेवले आणि एकही यंत्र चालू करू दिले नाही.

देखभाल विभाग, रणोली : दुरुस्तीच्या खड्ड्याजवळ बाटला बदलण्याची आमची जुनी सवय होती. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने तो खड्ड्यात उतरतो. वर उभ्या असलेल्या आम्हांला काहीच कळले नाही, आतल्या माणसाला मात्र वास आला. आता आम्ही गटारांपासूनही दूर, मोकळ्या जागेत बाटला बदलतो.

चालक, वाघोडिया : काडी ओढून गळती तपासणारे महाभाग मी पाहिले आहेत. साबणाचे पाणी पुरते. बुडबुडे दिसले की बहुधा जोडणीतील रबरी रिंग चिरलेली निघते.