विंडोज होमवर अशिलांच्या फोल्डरला कुलूप कसं लावायचं?

म्हापसा_कचेरी:
वकिली कचेरी, विंडोज ११ होमचे दोन लॅपटॉप. विक्रीखतं, एक-चौदाचे (गोव्यातले जमिनीचे) उतारे, आधारचे स्कॅन मिळून १८ जीबी. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’चा चौकोन फिकट दिसतो, टिक होत नाही. पेन ड्राइव्हवरून पणजीलाही न्यायचं असतं. उपाय?

फोंडेकर:
तो चौकोन म्हणजे ईएफएस, विंडोजची फाइली एन्क्रिप्ट (चावीशिवाय वाचता येणार नाहीत अशा) करण्याची सोय. होममध्ये मिळत नाही. त्यासाठी विंडोज प्रो घेऊ नका. ईएफएसची चावी विंडोजच्या खात्याला बांधलेली. चावीचं सर्टिफिकेट बाजूला न काढता विंडोज पुन्हा टाकलं की फाइली गेल्याच.

आधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) असेल तर चालू करा, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. चोरीला गेलेल्या लॅपटॉपपुरतं ते चोख. लॉगिन झाल्यावर मात्र सगळं उघडं.

फोल्डरसाठी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर: क्रिएट व्हॉल्यूम, फाइल कंटेनर (पासवर्डने उघडणारी, आत फाइली ठेवायची एक मोठी फाइल), एन्क्रिप्शनची पद्धत एईएस, आकार ३० जीबी, पासवर्ड किमान २० अक्षरी. कंटेनरला नाव देताना जुनी फाइल निवडू नका, ती पुसून तिच्या जागी कंटेनर बसतो! पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आधी एक्सफॅट करा.

कंटेनरमध्ये कॉपी केल्यावर मूळ फाइली डिस्कवर तशाच राहतात. त्या डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा. एसएसडीवर पुसण्याची सॉफ्टवेअरं भरवशाची नाहीत, म्हणून तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आधी.

मांडवीकाठ:
व्हेराक्रिप्टच्या टूल्समधून व्हॉल्यूम हेडरचा (कंटेनर उघडायला लागणाऱ्या सुरुवातीच्या भागाचा) बॅकअप घ्या नि वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. हेडर बिघडला की बरोबर पासवर्डही चालत नाही. व्हेराक्रिप्टमध्ये कंटेनर अनमाउंट (बंद) न करता पेन ड्राइव्ह ओढू नका. पावसात वीज सारखी जाते, डेस्कटॉपवर वापरणार असाल तर यूपीएस हवाच. आणि पणजीच्या संगणकावर व्हेराक्रिप्ट आधीच टाकलेलं नसेल नि ॲडमिन अधिकारही नसतील तर ते चालणार नाही. स्वतःचा लॅपटॉपच न्या.

म्हापसा_कचेरी:
कंटेनर गूगल ड्राइव्हवर ठेवला तर चालेल?

मांडवीकाठ:
नको. व्हेराक्रिप्ट कंटेनरची तारीख बदलू देत नाही, त्यामुळे फाइल बदलल्याचं सिंकला कळत नाही. प्रेफरन्सेसमध्ये तारीख तशीच ठेवण्याचा पर्याय बंद करता येतो, पण दोन्ही लॅपटॉपवर एकाच वेळी उघडला तर घोळ ठरलेलाच. क्लाउडसाठी क्रिप्टोमेटर हा प्रोग्रॅम बरा, प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतो.

फोंडेकर:
अशिलाला एखादंच खत पाठवायचं तर सेव्हन-झिप (फाइली एकत्र बांधून पासवर्ड लावणारा प्रोग्रॅम) पुरे. फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा, ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’ला टिक करा, नाहीतर फाइलींची नावं कुणालाही वाचता येतात. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये नको, फोनवर सांगा.